रुंदी, पातळी, मुदत : महालातली विकासकामे कशी वाचावीत

महाल हा नागपूरचा सर्वांत जुना भाग. देवगडच्या बख्त बुलंद शाहाने १७०२ च्या सुमारास इथल्या बारा खेड्यांचे शहर केले. त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने, शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. तोच आजचा गांधीसागर. पुढे रघूजी भोसल्यांनी नागपूर राजधानी केले आणि राजवाड्याभोवती चिटणीस, मानकरी, शास्त्री, सावकार यांचे वाडे उठले. वाडे आधी आणि वाट नंतर, असा हा क्रम होता. दोन वाड्यांच्या भिंतींमध्ये जी जागा उरली ती गल्ली झाली. नगरपालिका आली १८६४ मध्ये, सुधार प्रन्यासाचा कायदा १९३६ मध्ये, महानगरपालिका १९५१ मध्ये. नियोजनाची ही सगळी यंत्रणा जन्माला येण्याआधी महाल बांधून झाला होता. त्यामुळे इथले कोणतेही सार्वजनिक काम कुणाच्या तरी भिंतीशी, ओट्याशी किंवा दुकानाच्या फळीशी येऊन थांबते. वर्धा रोडवरच्या लेआउटमध्ये आधी रस्ता आखतात आणि मग प्लॉट पाडतात. तिथल्या कामाचा अनुभव महालात लावता येत नाही.

विकासकामाची घोषणा होते तेव्हा तिच्यात रक्कम असते आणि भूमिपूजनाची तारीख असते. अमुक कोटी मंजूर, तमुक दिवशी कुदळ. रहिवाशाला या दोन्हींचा फारसा उपयोग नसतो. त्याला हवी असते रस्त्याची ठरलेली रुंदी, तयार रस्त्याची पातळी आणि काम किती दिवस चालणार ही मुदत. या तिन्ही गोष्टी कागदावर असतात, पण घोषणेत येत नाहीत.

रुंदीचा कागद म्हणजे विकास आराखडा. नागपूरच्या सुधारित विकास आराखड्याला राज्य सरकारने जानेवारी २००० मध्ये मंजुरी दिली. महालाला लागून असलेल्या इतवारी-गांधीबाग भागातल्या जुन्या भंडारा रोडची रुंदी त्यातच १८ मीटर, म्हणजे जवळपास ६० फूट, ठरली. मेयो रुग्णालयापासून सुनील हॉटेलपर्यंतचा हा पट्टा. मंजुरीनंतर दोन दशके उलटली तरी बहुतेक दुकाने जिथल्या तिथे होती. भूसंपादनाचा खर्च कोणी किती उचलायचा, मोबदला रोख द्यायचा की हक्कात, मालक एक आणि कब्जेदार दहा असतील तर कोणाशी बोलायचे, अशा प्रश्नांत फाइल फिरत राहिली. याच रस्त्याच्या नावातला ‘जुना’ हा शब्द सेंट्रल अव्हेन्यूमुळे आला. सुधार प्रन्यासाने तो रुंद रस्ता दाट वस्तीतून सरळ काढला आणि भंडाऱ्याकडची वाहतूक तिकडे गेली. बडकस चौकाकडून सी. पी. अँड बेरार महाविद्यालयाकडे जाणाऱ्या केळीबाग रोडवर मात्र हातोडा प्रत्यक्ष पडला आणि अनेक इमारतींचे दर्शनी भाग कापले गेले. एकाच पद्धतीच्या आराखडा-रस्त्यांपैकी एक वर्षानुवर्षे कागदावर थांबला आणि दुसरा वीटकामापर्यंत पोहोचला. ‘आराखड्यात आहे’ एवढ्या माहितीवर दुकानाची डागडुजी करावी की नाही, हे म्हणून ठरवता येत नाही.

रुंदी वाचण्याची एक रीत आहे. आजचा रस्ता ९ मीटर असेल आणि आराखड्यात १८ मीटर असेल, तर वरकरणी दोन्ही बाजूंनी साडेचार-साडेचार मीटर जाणार असे वाटते. प्रत्यक्षात मध्यरेषा जुन्या रस्त्याच्या मध्यातून जाईलच असे नाही. वळण सरळ करायचे असेल, एका बाजूला मंदिर किंवा वारसा-यादीतली वास्तू असेल, तर सगळा कापा दुसऱ्या बाजूला जाऊ शकतो. म्हणून नगररचना विभागाकडून आपल्या सिटी सर्व्हे क्रमांकाचा भाग-नकाशा घ्यावा आणि त्यावर रस्त्याची रेषा घराच्या कुठल्या खोलीतून जाते ते पाहावे. हा कागद थोड्या फीमध्ये मिळतो. त्याच्याविना केलेली चर्चा चिटणीस पार्कच्या कट्ट्यावर कितीही रंगली तरी ती चर्चाच राहते.

या रेषेविरुद्ध बोलण्याची जागाही कायद्यात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा तर कलम ३७ खाली नोटीस निघते आणि हरकतींसाठी एक महिन्याची मुदत असते. कलम १२७ त्याहून कमी लोकांना माहीत आहे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा घेतली गेली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण रद्द झाले असे समजले जाते. मोबदल्याचे मार्ग साधारण तीन : २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे रोख, उरलेल्या जागेवर वाढीव चटईक्षेत्र किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. महालात उरलेली जागाच इतकी चिंचोळी असते की वाढीव चटईक्षेत्र तिथे बसत नाही. टीडीआर विकता येतो, पण तो मिळतो मालकाला. तीन पिढ्या त्या गाळ्यात दुकान चालवणाऱ्या भाडेकरूला काय मिळणार हे आराखड्याच्या नकाशावर कुठेच नसते, आणि जुन्या बाजारांतले बहुतेक रस्ते तिथेच अडतात.

पातळीचा प्रश्न रुंदीपेक्षा लहान दिसतो, पण त्रास त्याचा जास्त घरांना होतो. नागपुरात २०११ नंतर टप्प्याटप्प्याने सिमेंट रस्त्यांचा कार्यक्रम आला. काँक्रीटचा रस्ता टिकतो, डांबरासारखा दर पावसाळ्यात उखडत नाही, हे खरे. पण तो जुन्या रस्त्यावर थेट चढवला तर थराच्या जाडीइतका उंच होतो आणि ही जाडी वीतभर तरी असते. नव्या वस्तीत प्लिंथ उंच असते. महालातल्या जुन्या घरांचे उंबरे मुळातच रस्त्याच्या बरोबरीने, कधी एखादी पायरी खाली असतात. रस्ता वीतभर वर गेला की पहिल्या मोठ्या सरीचे पाणी नालीऐवजी दारातून आत येते. यावर उपाय सोपा आहे, फक्त वेळखाऊ : आधी जुना थर खोदून काढायचा आणि मग काँक्रीट ओतायचे, म्हणजे तयार पातळी पूर्वीइतकीच राहते. कामाच्या अंदाजपत्रकात खोदाईची बाब आहे की नाही एवढे पाहिले तरी पावसाळ्यात काय होणार ते मार्चमध्येच कळते. कडेला गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवताना उतार घराकडे झाला तरी तोच परिणाम होतो.

काँक्रीटला हवी ती ताकद यायला २८ दिवस धरतात. खोदाई, ओतकाम, पाणी मारणे, सांधे भरणे हे सगळे धरले तर एका गल्लीची एक बाजू महिना-दीड महिना बंद राहते. ज्या गल्लीला दुसरे तोंड नाही तिथे ही मुदत आधी कळणे फार गरजेचे असते. घरात आजारी माणूस असतो, लग्न असते, दुकानाचा दिवाळीचा हंगाम असतो. गांधी गेटपासून बडकस चौकापर्यंतच्या बाजारात सप्टेंबरात रस्ता फोडायला घेणे म्हणजे वर्षभराच्या विक्रीवर पाणी सोडणे, हे कोणत्याही दुकानदाराला विचारले तरी तो सांगेल. तरीही निविदेचे वेळापत्रक बहुधा आर्थिक वर्षाकडे पाहून ठरते, बाजाराच्या पंचांगाकडे पाहून नाही.

सिमेंटच्या खाली जे आहे ते आणखी गुंतागुंतीचे. एकदा काँक्रीट झाले की खालची लाइन बदलायला ते फोडावे लागते आणि फोडलेला पट्टा पुन्हा एकसंध होत नाही. म्हणून क्रम असा हवा : आधी गडर लाइन (सांडपाण्याची वाहिनी), मग पाण्याची लाइन, मग वीज आणि टेलिफोनच्या केबल, शेवटी रस्ता. चार कामे चार यंत्रणांची असतात, आणि क्रम नेमका तिथे बिघडतो. पाण्याचे उद्भव अंबाझरी, गोरेवाडा, कन्हान, पेंच असे वाढत गेले, पण जुन्या गल्ल्यांतल्या नळजोडण्या फारशा बदलल्या नव्हत्या. मार्च २०१२ पासून शहराचा पाणीपुरवठा पंचवीस वर्षांच्या कराराने ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे गेला. चोवीस तास पाण्याच्या योजनेखाली घरोघरच्या लोखंडी जोडण्या काढून निळे प्लॅस्टिकचे नळ आणि मीटर बसले. पुरवठ्याची माहिती प्रभागाच्या नावाने येत नाही, ती जलकुंभाच्या नावाने येते. ‘किल्ला महाल जलकुंभ’ बंद राहणार अशी सूचना असते. आपल्या घराला पाणी किल्ला महालच्या टाकीवरून येते, सीताबर्डी फोर्टच्या की बोरियापुऱ्याच्या, हे ठाऊक नसेल तर ती सूचना वाचूनही बादल्या भरल्या जात नाहीत.

विजेच्या बाबतीत महालाने पत्ता न बदलता दोनदा मालक बदलला. महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स हे महावितरणचे तीन विभाग २०११ मध्ये खासगी फ्रँचायझीला दिले गेले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये परत महावितरणकडे आले. मीटर तोच, खांब तोच, तक्रारीचे दार वेगळे. कचऱ्याचेही असेच. महाल महापालिकेच्या गांधीबाग झोनमध्ये येतो आणि २०१९ च्या अखेरीस दहा झोन दोन कंत्राटदारांत वाटले गेले. घंटागाडी आली नाही तर आधी झोन सांगावा लागतो.

वस्तीच्या कडेने होणाऱ्या मोठ्या कामांबद्दल थोडक्यात सांगता येते, कारण त्यांची माहिती सहज मिळते. मेट्रोची पूर्व-पश्चिम मार्गिका सेंट्रल अव्हेन्यूवरून जाते. प्रजापतीनगरपर्यंतचा तिचा पूर्वेकडचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. महालाला जवळची स्थानके अग्रसेन चौक आणि चितार ओळी चौक. तिथून बडकस चौकापर्यंतचा शेवटचा तुकडा पायी किंवा ई-रिक्षाने, आणि त्या तुकड्यावर धड फुटपाथ नाही. इंदोरा ते दिघोरी हा सुमारे नऊ किलोमीटरचा उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. २०२५ मध्ये अशोक चौकात त्याच्या वर्तुळाकार भागाची कड एका जुन्या घराच्या बाल्कनीत शिरली आणि ते छायाचित्र देशभर फिरले. लोक हसले, पण प्रश्न तोच जुना होता : पुलाची रेषा आणि घराची रेषा एकाच नकाशावर कोणी वेळेत पाहिल्या नव्हत्या. नाग नदीच्या पुनरुज्जीवनाचा सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प जपानी कर्जाच्या आधाराने मंजूर आहे. महालाच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा भाग नदीकाठच्या सुशोभनाचा नाही, नदीत पडणारे सांडपाणी अडवून शुद्धीकरण केंद्राकडे वळवणाऱ्या वाहिन्यांचा आहे. गल्लीतली गडर लाइन त्यांना जोडली गेली तरच फरक पडेल.

ही सगळी माहिती रहिवाशापर्यंत पोहोचण्याचा नेहमीचा रस्ता नगरसेवक हा होता. फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत १५१ नगरसेवक निवडून आले. एका प्रभागात बहुधा चार, म्हणजे चौघांपैकी कोणाला विचारायचे हाही प्रश्नच. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, प्रशासक आला आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या जवळपास चार वर्षांत कामे थांबली नाहीत, पण ‘रस्ता कधी फोडणार?’ याचे उत्तर देणारा ओळखीचा माणूस नव्हता. सभागृहच नसल्यामुळे तिथे होणारा वाद आणि त्या वादातून वर्तमानपत्रात झिरपणारा तपशीलही बंद झाला.

नागपूरची एक रीत मात्र कोणत्याही सभागृहाची वाट पाहत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. १८८० च्या दशकापासून चालत आलेल्या या मिरवणुकीत सोबतचे बडगे, म्हणजे छोटे पुतळे, त्या वर्षीच्या तक्रारी अंगावर घेऊन फिरतात : खड्डे, वीजबिल, महागाई, अर्धवट सिमेंट रस्ते. आदल्या वर्षात कुठल्या कामाने जास्त छळले याची ती अगदी अचूक नोंद असते. नगररचनाकार पॅट्रिक गेडीस याने होळकरांच्या इंदुरात १९१७ च्या सुमारास याच्या उलट्या दिशेने हाच मार्ग वापरला होता. शहरात प्लेग होता. त्याने दिवाळीत मोठी मिरवणूक काढायचे ठरवले आणि जी वस्ती आपले रस्ते व घरे सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त करील तिच्यातून ती जाईल असे जाहीर केले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमाही होती. गेडीसचा आग्रह असा की जुन्या वस्तीत सरसकट पाडापाडी करण्याऐवजी नेमकी अडचण हेरून तेवढाच काप द्यावा. केळीबाग आणि जुना भंडारा रोड हे दोन्ही पाहिल्यावर हा आग्रह शंभर वर्षांनंतरही शिळा वाटत नाही.

माहिती मागण्याचा हक्क २००५ च्या कायद्याने दिला आहे, आणि त्याच्या कलम ४ नुसार अर्ज येण्याची वाट न पाहता पुष्कळ माहिती कार्यालयाने स्वतःहून मांडायची असते. कामाच्या जागी लावलेला फलक हा तिचाच छोटा तुकडा. त्यावर कामाचे नाव, खर्च, कंत्राटदार आणि मुदत असते. सर्वांत खाली, बहुधा सर्वांत बारीक अक्षरात, दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. काम पूर्ण झाल्यावर इतकी वर्षे काही बिघडले तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे, असा त्याचा अर्थ. तोवर त्याच्या ठेवीतला काही भाग महापालिकेकडे असतो. हा कालावधी कधी सुरू झाला आणि कधी संपतो याची बातमी कुठेही छापून येत नाही. सांधे उखडणे, चेंबरचे झाकण रस्त्यापेक्षा खाली जाणे, उतार चुकून पाणी साचणे हे दोष पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच उघडे पडतात. दसरा ते दिवाळी या काळात गल्ली कोरडी झाली की त्यांची छायाचित्रे काढून लेखी तक्रार झोन कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. ठेव एकदा परत गेली की त्याच दुरुस्तीसाठी नवी निविदा काढावी लागते.