मागच्या सीटचा डिफरन्स

जुनी गाडी विकत घेणाऱ्याला जगात दोन प्रकारची माणसं भेटतात. एक, "आधी मला का नाही विचारलंत?" असं म्हणणारी, आणि दुसरी, आधी विचारलं तेव्हा "घ्या हो बिनधास्त!" म्हणालेली. माझ्या बाबतीत ही दोन्ही माणसं एकच होती, आणि ती म्हणजे आमचे मेव्हणे.

गाडी त्यांनीच पाहून दिली. लहानशी, पाच माणसांची, मागचा दरवाजा वर उघडणारी. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. कंपनीनं बिचारीनं ती नवी असताना विकली होती. बारा वर्षांनंतर ती कुणाच्या हाती पडावी, हे काही कंपनीच्या हातात नसतं. मूळ मालक सज्जन गृहस्थ. "गाडी फक्त देवदर्शनाला वापरली," असं त्यांनी गळ्यावर हात ठेवून सांगितलं. मीटरवरचा आकडा पाहता त्यांनी भारतातलं एकही देवस्थान सोडलं नसावं. मग फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या झाल्या. पहिला गाडी दिल्याची वर्दी देणारा, दुसरा ती नावावर करून मागणारा. वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसलेला माणूस मी. सही करण्यापूर्वी दोन्ही फॉर्म तीन-तीनदा वाचले. त्यांत चासीचा नंबर होता, इंजिनाचा नंबर होता. आवाजाचा रकाना मात्र नव्हता.

तो आवाज पहिल्याच स्पीडब्रेकरला आला. कुईं!

"अहो, मागे मांजर आहे का?" सौ. म्हणाली.

मांजर नव्हतं. मागची सीट होती. खड्डा लहान असला की 'कुईं', मोठा असला की 'कुईं-खट्', आणि पुण्याच्या रस्त्यांवर म्हणजे अखंड कीर्तन. टाळ सीटच्या पाठीचे, मृदंग बुडाचा. बसायची गादी हातानं हलवली तर ती सुट्या दातासारखी हलायची.

आपल्याकडे ताप आलेल्या माणसाला आणि आवाज करणाऱ्या गाडीला फुकट सल्ल्याची वाण नसते. शेजारच्या निवृत्त ओव्हरसियरांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून "शॉकअ‍ॅब्झॉर्बर गेले" असं मरणाची बातमी सांगावी तसं सांगितलं. बँकेतल्या एका सहकाऱ्यानं पत्रा उतरल्याचं निदान केलं. मेव्हण्यांचा उपाय सगळ्यांत स्वस्त होता. "गाणी मोठ्यानं लावा," ते म्हणाले. तोही करून पाहिला. दर खड्ड्याला गवयाच्या मागे कुणीतरी बेसूर तानपुरा छेडतोय असं वाटू लागलं.

पण या सगळ्यात एक गोष्ट विलक्षण होती. मागे आई बसली, की आवाज बंद!

आई वाईजवळच्या आमच्या गावी राहते. महिन्या-दोन महिन्यांनी चार दिवस पुण्याला येते आणि तुळशीला पाणी कोण घालणार या चिंतेनं परत जाते. तिला गाडीतून ने-आण करायची, याच तर हौसेपोटी मी कर्ज काढलं होतं. आई मागे डाव्या बाजूला बसायची, आणि दोन-अडीच तासांच्या प्रवासात सीट चकार शब्द काढायची नाही. खंबाटकी घाटातसुद्धा नाही. सीटलादेखील वडीलधाऱ्यांचा मान राखायचं कळतं, असं मी सगळ्यांना कौतुकानं सांगत असे.

आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर आई फोनवर म्हणाली, "यावेळी तू येऊ नकोस न्यायला. मी एस.टी.नं येते. एस.टी. बरी पडते मला."

माझ्या वर्मी लागलं. पंचाहत्तरीच्या बाईला चारचाकी दाराशी येत असताना एस.टी. बरी पडते? माझं ड्रायव्हिंग इतकं वाईट? मी जरा फणकाऱ्यानंच "तुझी मर्जी" म्हणालो आणि फोन ठेवला. चार दिवस आम्ही माय-लेक एकमेकांशी फक्त हवामानाबद्दल बोललो. सौ.नं "काहीतरी कारण असेल हो" म्हणून समजूत घालून पाहिली, पण मी समजायच्या मनःस्थितीत नव्हतो. आईवर काढता येत नाही तो राग माणूस कुठेतरी काढतोच. मी तो सीटवर काढायचं ठरवलं.

इथे माझं कॉमर्स उपयोगाला आलं. बी.कॉम. झाल्याचा उपयोग झाल्याचा माझ्या आयुष्यातला हा दुसरा प्रसंग. (पहिला, नोकरी लागली तो.) मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत जाडजूड लेजरांची शेवटची वर्षं चालू होती. संध्याकाळी दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही की सगळ्यांची लोकल हुकायची. आमच्या तेव्हाच्या अकाउंटंट साहेबांनी मला शिकवलं होतं, की डिफरन्स आला म्हणून सगळी पानं चाळत सुटायचं नाही. आधी त्या आकड्याचा स्वभाव बघायचा. नऊनं भाग जातो का? मग कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. ७२ च्या जागी २७ पडले की फरक ४५ येतो, आणि ४५ ला नऊनं भाग जातो. दोननं भागून जी रक्कम येते ती कुठे दिसते का? मग ती रक्कम जमेच्या ऐवजी नावे पडली आहे. "चूक बोलते," ते म्हणायचे, "आपण ऐकत नाही."

तेव्हा मी एका व्हाउचरच्या पाठीवर संशयितांची यादी केली. पट्ट्यांची बकलं, स्टेपनी, जॅक, मागची फळी, बसायची गादी, पाठ. मग एकेक वस्तू काढायची आणि सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या दुधाच्या बूथपर्यंत एक फेरी मारायची. जॅक काढला, आवाज तसाच. स्टेपनी काढली, आवाज तसाच. फळी काढली, बकलं फडक्यात गुंडाळली. 'खट्' थोडा कमी झाला, 'कुईं' ठणठणीत.

गादी उचलायला मात्र हिंमत लागली. तिच्या पुढच्या कडेला दोन चापे होते. त्यांतला एक तुटलेला, म्हणून ती हलत होती. गादीखाली मागच्या मालकाचा बारा वर्षांचा ताळेबंद होता: नारळाची शेंडी, साखरफुटाणे, अंगाऱ्याची पुडी, पाच रुपयांची दोन नाणी, आणि एका जलक्रीडा उद्यानाची सहा तिकिटं. देवदर्शन अगदीच खोटं नव्हतं म्हणायचं.

चापा पन्नास रुपयांत बदलून मिळाला. गादी घट्ट बसली. रेक्झीन रेक्झीनवर घासत होतं तिथं सौ.ची टाल्कम पावडर चोळली. मागची सीट नव्या बाळासारखी घमघमू लागली आणि तशीच रडतही राहिली.

उरली पाठ. आता ती वाजते कुठे, हे चालत्या गाडीत मागून बघायला हवं. म्हणून एका रविवारी सकाळी मेव्हण्यांना स्टिअरिंगवर बसवलं आणि मी बॅटरी घेऊन डिकीत शिरलो. स्टेपनी काढून ठेवलेली असल्यामुळे माझ्यासारख्या मध्यमवर्गीय पोटाच्या माणसाला तिथं जेमतेम जागा झाली. मेव्हण्यांनी दार लावलं. सोसायटीच्या वॉचमननं ते पाहिलं. एका माणसाला डिकीत कोंबून दुसरा माणूस गाडी घेऊन निघालाय, असं दृश्य त्यानं आजवर फक्त सिनेमात पाहिलं होतं. तो शिट्टी वाजवत मागे धावला. मेव्हण्यांना वाटलं, गाडीतच आणखी एक आवाज सुरू झाला. त्यांनी गाणी लावली.

पण त्या दोन मिनिटांत चोर सापडला. सीटची पाठ दोन्ही कोपऱ्यांत खिटीनं अडकते. गाडीच्या अंगाला लोखंडी कडी असते, तिला ही खिटी पकडते. उजवीकडची घट्ट होती. डावीकडच्या कडीवरचं रबर झिजून नाहीसं झालं होतं, आणि खिटी पुरती बसतच नव्हती. अर्धवट लागलेल्या दाराच्या कडीसारखी ती नुसती टेकली होती. खड्डा आला की लोखंड लोखंडाला घासत होतं: कुईं!

मिस्त्रींना दाखवलं. ते नेहमी माझ्या अज्ञानाला हसतात. यावेळी हसले नाहीत.

"मागं कोण बसतं साहेब?"

"आई."

"मग आवाजाचं सोडा. ही बाजू लागतच नव्हती. जोरात ब्रेक मारला आणि डिकीत सामान असलं, तर पाठ सामानासकट माणसाच्या अंगावर येते."

माझ्या पोटात खड्डा पडला. १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मागच्या सीटवरच्यांनाही पट्टा सक्तीचा, असं पोलिसांनी जाहीर केलं तेव्हा पुष्कळांना तो नवा कायदा वाटला होता; खरं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ वा नियम ते आधीपासून सांगत होता. हे मी बँकेत चारचौघांना ऐकवलं होतं. आईला पट्टा न चुकता लावतही होतो. आणि तिच्या पाठीमागे, डिकीत, गावाकडच्या तांदळाचं पोतं ठेवत होतो.

दुरुस्ती वीस मिनिटांची होती. कडीचे दोन बोल्ट सैल केले, कडी हातोडीनं केसभर पुढे सरकवली, बोल्ट पुन्हा आवळले. कडीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळला. मी उत्साहानं त्यावर ग्रीस लावायला गेलो तर मिस्त्री ओरडले, "रबराला ग्रीस नको, फुगून सडतं! ग्रीस बिजागरीला." मग पाठ ढकलली. 'खट्' असा एकच, भरदार आवाज झाला. ताळा जुळल्यावर अकाउंटंट साहेब लेजर मिटायचे, तसा.

पण माझा डिफरन्स अजून बाकी होता. आई बसली की आवाज का बंद व्हायचा?

पुढच्या शनिवारी न सांगताच गावी गेलो. "एस.टी.नं जाईन" म्हणत आई गाडीत बसली. पुण्याच्या दिशेचा बोगदा संपल्यावर मी तिला सीटची सगळी हकिगत सांगितली. डिकीच्या प्रकरणाला ती खूप हसली. मग म्हणाली, "बरं झालं बाई. माझी कंबर सुटली."

"तुझी कंबर?"

"अरे, ती पाठ रेटून धरली की वाजत नसे. पाय पुढच्या सीटखाली रोवायचे आणि मागे दाबून बसायचं. दोन-अडीच तास. मागल्या वेळी घरी गेल्यावर आठ दिवस वाकता येईना मला."

"पण कशाला? वाजली असती तर वाजली असती!"

"तुझं तोंड दिसायचं ना आरशात," आई म्हणाली. "कुईं झालं की एवढंसं व्हायचं. हौसेनं घेतलीस गाडी."

यावर काय बोलायचं ते बी.कॉम.च्या कुठल्याच पेपरात नव्हतं. रक्कम जमेची होती, आणि मी ती चार महिने नावे टाकून बसलो होतो. तेव्हा फरक दुप्पट येणारच.

"आता टेकून बस," एवढंच म्हणालो.

आई टेकली. पाय सैल सोडले. शिरवळ यायच्या आत मागून पुन्हा एक आवाज सुरू झाला. बारीक, एका लयीत, मधूनच शिट्टीवर जाणारा. मी आरशात पाहिलं आणि गाडी डावीकडच्या लेनला घेऊन सावकाश चालवू लागलो.