उक्तं की रोजानं?

सातगाव पठारावर बटाट्याची काढणी निघाली की आधी एकच गोष्ट ठरते: काम उक्तं द्यायचं की रोजानं? उक्तं दिलं तर रान लवकर मोकळं होतं, पण घाईत माल मातीत राहतो. रोजानं दिलं तर वेचणी नीट होते, मात्र मालकाला बांधावर उभं राहावं लागतं. मी घोडेगावात बसून वेबसाइटची कामं घेते आणि त्यातली बरीचशी ऑनलाइन फ्रीलान्सरांना वाटून देते. माझ्यापुढेही दर कामाला हाच प्रश्न असतो.

अपवर्कसारख्या ठिकाणी दोन्ही सोयी आहेत. 'फिक्स्ड प्राइस' म्हणजे उक्तं, 'अवरली' म्हणजे रोजानं. अवरलीत बांधावर यंत्र उभं असतं. काम करणाऱ्याच्या स्क्रीनचं चित्र तासाला सहा वेळा टिपलं जातं. ही पद्धत ओडेस्क कंपनीची. ती कंपनी २००३ साली दोन ग्रीक मित्रांनी काढली. एक अमेरिकेत, दुसरा ग्रीसमध्ये, आणि दोघांना एकत्र काम करायचं होतं. पुढे ओडेस्क आणि तशीच दुसरी कंपनी इलान्स एकत्र आल्या, आणि २०१५ मध्ये त्यांचं नाव अपवर्क झालं.

मी ती चित्रं बघत नाही. त्यांतून माणूस कामाला बसलाय एवढंच कळतं. त्याऐवजी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये त्या दिवशी कोणत्या ओळी बदलल्या, ते रोज संध्याकाळी वाचते.

पण खरी मेहनत काम देण्याआधीची, कागदावरची. भीमाशंकर रस्त्यावरच्या एका होमस्टेची बुकिंगची साइट मी एकदा बाहेर दिली. लिहून दिलं होतं फक्त 'मराठी-इंग्रजी साइट, ऑनलाइन आगाऊ रक्कम'. डेव्हलपरनं तेवढं चोख केलं. श्रावणात घाटातून कुणीतरी पैसे भरले, रक्कम कापली गेली आणि तेवढ्यात रेंज गेली. साइटला वाटलं, पैसे आलेच नाहीत. तीच खोली तिनं दुसऱ्या कुटुंबाला दिली. रात्री दोन्ही कुटुंबं लेकराबाळांसह दारात उभी.

चूक माझ्या लिहिण्यात होती. ग्राहकाच्या मोबाइलवरून परत येणाऱ्या पानावर भरवसा ठेवायचा नसतो. पेमेंट गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला स्वतंत्र निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. खोली पक्की करायची ती त्या निरोपावर, आणि तो येईपर्यंत ती राखून ठेवायची. दूरदेशी बसलेल्या माणसाला आपला घाट कसा ठाऊक असणार? आता मी प्रत्येक पायरीपुढे लिहिते: इथे रेंज गेली तर काय व्हावं?

मराठीचंही तसंच. पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर' अशी नोंदवली, तर सोय असलेल्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे उमटतात. 'एचआय' राहिलं तर हिंदी वळणाचे येतात. देवनागरी वाचता न येणाऱ्या माणसाकडून हे करून घ्यायचं, तर अक्षराचं चित्रच सोबत द्यावं लागतं.

२०२२ च्या हिवाळ्यात माझं एक काम युक्रेनमधल्या डेव्हलपरकडे होतं. ऑक्टोबरपासून तिथल्या वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले. 'आज चारच तास वीज आहे' असा त्याचा निरोप आला आणि मी मुदत वाढवली. पुढचे टप्पे लहान केले, म्हणजे झालेल्या कामाचे पैसे त्याला लगेच मिळत राहिले. कमी दराची बोली लावणारे तेव्हाही पुष्कळ होते. पण मी लिहिलेलं वाचून उलट चार प्रश्न विचारणारा माणूस मी सहसा सोडत नाही. नव्या माणसाला आधी छोटं काम देऊन पारखते, आणि त्याचेही पैसे देते. फुकट चाचणी घेणं मला मान्य नाही.

हक्कांचं मात्र लेखीच हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कोड ही साहित्यकृतीच धरली जाते. नोकरानं नोकरीत लिहिलेला कोड सहसा मालकाचा होतो. फ्रीलान्सरचा कोड पैसे चुकते केले तरी एरवी त्याचाच राहतो. हक्क देण्याचा करार लेखी लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून शेवटचा हप्ता मी या कागदावर सही झाल्यावरच सोडते.

डोमेनही गिऱ्हाइकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर घ्यायला लावते. त्या होमस्टेच्या मावशींनी पासवर्डचा कागद सातबाऱ्याच्या फायलीत ठेवलाय.