शेपटी आठ मीटर, बाकी सगळं काटेकोर

गमतीदार, तऱ्हेवाईक पात्र काढायचं म्हटलं की नवखा चित्रकार भर घालत सुटतो. तिरळे डोळे, भलंमोठं नाक, उभे केस, दोन पायांत दोन रंगांचे मोजे, वर डोक्यावर पातेलं. कागद भरून जातो, पात्र मात्र कुठंच सापडत नाही. पन्नास-साठ वर्षं टिकलेल्या पात्रांच्या रेघा निरखल्या, तर नेमकं उलटं दिसतं. तिथं वेडेपणाची गोष्ट एखादीच असते, आणि तिच्या भोवतीचं सगळं इतकं काटेकोर, की बघणारा तो वेडेपणा मुकाट्यानं मान्य करतो.

बेल्जियमच्या आंद्रे फ्राँकँचा मार्सुपिलामी घ्या. पिवळं अंग, काळे ठिपके, माकडासारखा चपळ, आणि शेपटी तब्बल आठ मीटर. १९५२च्या जानेवारीत ‘स्पिरू’ साप्ताहिकात तो पहिल्यांदा अवतरला. त्याचं बीज मित्रांच्या गप्पांत पडलं होतं. भरलेल्या ट्राममधल्या कंडक्टरला एकाच वेळी तिकीट द्यायचं, सुटे मोजायचे, घंटी वाजवायची आणि पडायचंही नाही, तर बिचाऱ्याला शेपटी असती तर किती बरं झालं असतं! सकाळच्या गर्दीत मुंबईच्या बेस्ट बसचा कंडक्टर पाहिलेल्या माणसाला ही गरज समजावून सांगावी लागत नाही.

कल्पना तर अशा कुणालाही सुचतात. फ्राँकँचं मोठेपण पुढं आहे. एकदा शेपटी दिल्यावर त्यानं त्या प्राण्याची बहुतेक सगळी करामत तिच्यावरच सोपवली. जे काय करायचं, ते बहुतेक शेपटीनं. टोकाची गाठ मारली की ठोसा, वेटोळं केलं की उडी मारायला स्प्रिंग, फांदीला गुंडाळली की झोका. पुढं त्यानं या प्राण्याच्या संसारावरच एक अख्खी गोष्ट रचली. जंगलात चित्रित केलेला माहितीपट सभागृहात दाखवला जातोय, अशी तिची मांडणी. घरटं, अंडी, पिल्लं, टपून बसलेला जग्वार, सगळं एखाद्या प्राणिशास्त्रज्ञाच्या गांभीर्यानं काढलेलं.

अशी शेपटी काढून बघावी म्हणजे कळतं. दोन समांतर रेघा, मनगट न थांबवता ओढायच्या. जाडी शेवटपर्यंत तीच राहिली पाहिजे. वळणावर जरा बारीक झाली की तिची दोरी होते, जाड झाली की साप. जिथं वेटोळं स्वतःलाच छेदतं, तिथं कुठला पदर वर आणि कुठला खाली हे पेन्सिलीतच ठरवावं लागतं, शाई लावताना ठरवायला गेलं की गुंता झालाच. आणि प्राणी स्थिर बसलाय की आत्ता उसळणार आहे, हे चेहऱ्याच्या आधी शेपटीच्या ताणावरून कळायला हवं. फ्राँकँच्या चौकटींत ते कळतं.

फिनलंडच्या टूवे यान्सनचा मूमिन हा प्राणी याहून साधा, आणि म्हणूनच अधिक अवघड. टूवे चित्रकार होती. वडील शिल्पकार, आई सिग्ने व्यंगचित्रकार आणि फिनलंडच्या टपाल तिकिटांचीही चित्रकर्ती. लहानपणी भावाशी तत्त्वज्ञ कांटवरून वाद झाला, टूवे हरली, आणि रागानं तिनं उन्हाळी घराच्या शौचालयाच्या भिंतीवर सुचेल तितका कुरूप प्राणी काढला. नाव मिळालं ते स्टॉकहोमच्या मामाकडून. भाची रात्री स्वयंपाकघरात खाऊ चोरायला जाते म्हटल्यावर त्यानं बजावलं होतं, तिथं मूमिनट्रोल राहतो, तो मानेवर गार फुंकर घालतो. तिनं तीसच्या दशकात रंगवलेले ट्रोल काळे, लाल डोळ्यांचे आहेत. मग ‘गार्म’ या उपहासगर्भ मासिकातल्या तिच्या राजकीय चित्रांच्या कोपऱ्यात, सहीजवळ, एक लांब नाकाचा चिडका प्राणी येऊन उभा राहू लागला. १९४५ साली, युद्ध संपता संपता, मूमिनचं पहिलं पुस्तक निघालं. त्यातही तो बऱ्यापैकी रोड, नाक चिंचोळं. पुढच्या काही पुस्तकांत तो गोल होत गेला आणि पाणघोड्याच्या वळणावर गेला. कुरूप म्हणून काढलेला प्राणी जगातल्या मुलांनी उशाशी घेऊन झोपावं, हा प्रवास एका बैठकीत झालेला नाही. वर्षानुवर्षं तीच आकृती गिरवणाऱ्या हातानं तो केला.

आता त्याचा चेहरा नीट बघावा. तोंडच नाही! बहुतेक चित्रांत त्या प्रचंड नाकाखाली ओठांची रेघसुद्धा नसते. म्हणजे हसू नाही, रडू नाही, ओरडणं नाही. चित्रकाराच्या हातातलं सगळ्यात सोयीचं हत्यार तिनं आपणहून खाली ठेवलं. उरलं काय? डोळ्यातल्या ठिपक्याची जागा, भुवईची बारीक रेघ, कानांचा कल आणि पोट पुढं की खांदे खाली. ठिपका किंचित वर सरकला की मूमिन चकित, खाली आला की खजील. पेनाच्या टोकाएवढ्या अंतरावर मनःस्थिती बदलते.

सगळ्या घरादाराचा चेहरा एकसारखाच, मग ओळखायचं कसं? मूमिनच्या आईला हँडबॅग आणि पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन, वडिलांना उंच काळी टोपी, त्याच्या मैत्रिणीला कपाळावर झुलपं आणि पायात कडं. एकेकाला एक-दोनच खुणा. पण त्या नुसत्या ओळखपाट्या नव्हेत. हँडबॅगेतून गरजेची वस्तू निघते, तेव्हा आईचा स्वभाव कळतो, आणि तो सांगायला वेगळं वाक्य लागत नाही.

पांढरा मूमिन म्हणजे खरं तर न रंगवलेला कागद. टूवेनं त्याच्यावर छटा दिल्या नाहीत. खडक, समुद्र, झाडी मात्र बारीक आडव्या-तिरप्या रेघांनी गच्च भरली. १९५७च्या पुस्तकात तो हिवाळ्याच्या झोपेतून एकटाच जागा होतो. पांढऱ्या बर्फात पांढरा प्राणी, म्हणजे चित्रकाराची पंचाईतच. तिनं भोवती रात्र गडद केली, आणि त्याचं एकटेपणही त्या काळोखातच उमटलं. तंत्राची अडचण आणि गोष्टीचा भाव एकाच उत्तरानं सुटावा, हे भाग्य आयतं मिळत नाही, त्यासाठी हात तयार असावा लागतो.

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन याच कुळातला. भारतीय माणूस दाखवायचा म्हणून सुरुवातीला ते वेगवेगळ्या प्रांतांच्या वेशातली माणसं काढत. वृत्तपत्राची घाई ते काही चालू देईना. एकेक गळत शेवटी चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि विरळ केस एवढंच उरलं. त्या माणसाला त्यांनी बोलू दिलं नाही. मूमिनला तोंड नाही, याला आहे आणि तो ते उघडत नाही. दोघांचंही सगळं उभं राहण्यात आणि बघण्यात.

१९५४ पासून लंडनच्या ‘इव्हनिंग न्यूज’मध्ये मूमिनची चित्रमालिका येऊ लागली, आठवड्याला सहा. टूवेनं तिथंही मजा केली. दोन चौकटींच्या मधली सरळ रेघ काढून टाकून ती तिथं झाडाचं खोड, छत्री, काठी असं त्या प्रसंगातलंच काहीतरी उभं करी. पण रोजच्या रतीबानं ती थकली. आधीपासून मजकुरात मदत करणारा तिचा धाकटा भाऊ लार्स यानं १९६० मध्ये लेखणी आणि ब्रश दोन्ही हाती घेतले. तो काही चित्रकलेच्या शाळेत शिकलेला नव्हता. टोपी, हँडबॅग, झुलपं, डोळ्यातला ठिपका, सगळे नियम बहिणीनं आधीच पक्के केले होते, आणि लार्सनं ते अंगात मुरवून घेतले. त्याच्या हातचा मूमिन १९७५ पर्यंत छापून येत राहिला.