समुद्रकाठची खोली आणि आपले आडनाव

आपल्या कुटुंबांचा प्रवास आजवर कशाकशासाठी झाला याचा हिशेब मांडला, तर बोटावर मोजण्याइतकी ठिकाणे निघतात. 6 डिसेंबरला दादर, अशोक विजयादशमीला नागपूर, 20 मार्चला महाड आणि मे महिन्यात गाव. मुक्काम कुठे? शाळेच्या वर्गात, मांडवात, नाहीतर नात्यागोत्यात. सतरंजी अंथरली की झाले. पैसे मोजून परक्या माणसाच्या घरात चार दिवस राहायचे, समुद्रावर फिरायचे, आयते जेवायचे आणि परत यायचे, हे आमच्या आईवडिलांच्या स्वप्नातही नव्हते. आता मुलगा कमावतो, सूनबाई कमावते. नातवंडे शाळेत ऐकून येतात की अमका काशीदला गेला, तमकी दिवेआगरला गेली, आणि घरी येऊन हट्ट धरतात. हट्ट वाजवी आहे, असे आमचे मत आहे.

गेल्या काही वर्षांत आम्ही रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाच वेळा असे घर घेऊन राहिलो. दरवेळी घर थेट मालकाकडून घेतले. वसाहतीतली मंडळी विचारतात, विहारात बायका विचारतात, म्हणून हे लिहीत आहोत.

हॉटेल का नको? आम्ही आठ माणसे. हॉटेलात तीन खोल्या घ्याव्या लागतात आणि तिन्ही वेगवेगळ्या मजल्यांवर मिळतात. आई ब्याऐंशी वर्षांची आहे, तिला जिना चढवत नाही. धाकटा नातू सकाळी सातला दूधभात मागतो, तेव्हा हॉटेलातला आचारी झोपलेला असतो. घर घेतले की पडवी मिळते, मागे न्हाणी मिळते, एखादी शेगडीही मिळते. नागाव, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर, खाली हर्णै, आंजर्ले, गुहागर, सगळीकडे रस्त्याच्या कडेला पाट्या दिसतात : 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. पाटीवर मालकाचा नंबर असतो. राज्य शासनाची निवास व न्याहारी योजना आहे, तिच्यात नोंदलेली घरेही बरीच सापडतात.

मध्ये एजंट किंवा मोबाईलवरची कंपनी असली की तिचे कमिशन आले. ते आपल्या खिशातून जाते, नाहीतर मालकाच्या. पण पैशापेक्षा मोठा फायदा बोलण्याचा आहे. संडास कमोडचा आहे की साधा, पायऱ्या किती, पाणी नळाचे की विहिरीचे, आईची खाट खाली टाकता येईल का, हे घरची बाई जेवढे नीट सांगते तेवढे कोणी सांगत नाही. फोटोत समुद्र अंगणात असतो; प्रत्यक्षात मध्ये दोन वाड्या, एक रस्ता आणि कोणाचे तरी तीन कुत्रे असतात. विचारले की कळते. आणखी एक. शनिवार-रविवारी भाव चढतो, सोमवार ते गुरुवार तीच खोली स्वस्त मिळते. ज्यांची साप्ताहिक सुट्टी आडवारी येते, त्या पाळीवाल्या कामगारांना याचा चांगला उपयोग होतो. आम्ही आयुष्यभर आडवारच्या सुट्टीला नावे ठेवली, ती इथे कामी आली.

आता मुख्य गोष्ट.

2022 च्या डिसेंबरात एका गावच्या घरमालकिणीशी फोनवर सगळे ठरले. दोन खोल्या, तीन रात्री, जेवण माणशी इतके, मुलांचे अर्धे. बाई गोड बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "नाव काय लिहू?" आम्ही नाव सांगितले, आडनाव सांगितले. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "जरा घरात विचारून सांगते." दहा मिनिटांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. खोल्या रंगवायला काढल्या आहेत, म्हणे. दुसऱ्या दिवशी सूनबाईच्या कचेरीतल्या मैत्रिणीने, तिचे आडनाव वेगळे, त्याच तारखांसाठी फोन केला. खोल्या तयार होत्या. रंग एका रात्रीत वाळला होता.

हा अनुभव अनेक वाचकांच्या ओळखीचा असेल. शहरात भाड्याची खोली शोधताना येतो तोच हा, फक्त इथे माडाच्या सावलीत येतो. यावर आमच्या घरातच दोन पक्ष पडले. आमचे भाऊजी म्हणाले, "चार दिवसांचा तर प्रश्न. मैत्रिणीच्या नावाने खोली घ्या, तिकडे जाऊन कोण विचारतंय?" मुलालाही ते पटत होते, कारण रजा मंजूर झालेली होती आणि पोरांनी पोहण्याचे कपडे पिशवीत भरून ठेवले होते. सूनबाई मात्र म्हणाली, "आणि तिथे मुलाने आपलं आडनाव सांगितलं तर? त्याला काय शिकवून ठेवायचं?"

सात वर्षांच्या पोराला खोटे आडनाव पाठ करायला लावायचे, हे आम्हाला जमणार नव्हते. बाबासाहेब परदेशात शिकून 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा नव्हती. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि संध्याकाळच्या आत जागा सोडा म्हणून धमकावून गेली. ओळखीच्यांकडेही आसरा मिळाला नाही. बागेत वेळ काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यांच्यापुढे तेव्हा दुसरी वाट नव्हती. आपल्यापुढे आहे, आणि ती त्यांनीच करून दिली आहे. राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदात हॉटेल आणि उपाहारगृह सर्वांना खुले केले आहे. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमात 'हॉटेल' या शब्दात बोर्डिंग हाऊस आणि लॉजिंग हाऊसही धरले आहे. आपल्या घरी पाहुणा म्हणून कोणाला बोलवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण रस्त्यावर पाटी लावली, येईल त्याच्याकडून भाडे घेतले, की तो घरगुती प्रश्न राहत नाही, असे आम्ही समजतो.

अडचण पुराव्याची असते. फोनवर बोललेले हवेत जाते. म्हणून आता आम्ही दर, तारखा, माणसे किती, हे सगळे मोबाईलवर लिहून विचारतो आणि पहिल्याच ओळीत पूर्ण नाव टाकतो. ज्याला नकार द्यायचा आहे तो तिथेच देतो. आपली रजा, आपली गाडीची तिकिटे वाचतात. कोणी लिहून नकार दिला तर ते लिखाण आपल्या हाती राहते. भाऊजींना हा उपाय रुक्ष वाटतो. सहलीला निघालो आहोत की कोर्टात, असे ते विचारतात.

त्या डिसेंबरात शेवटी श्रीवर्धन तालुक्यात एका आजींचे घर मिळाले. त्यांनीही आडनाव विचारले, तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. पण त्या म्हणाल्या, "दीर्घ लिहू की ऱ्हस्व? पोलीस वही तपासायला येतात हो, चुकलं की माझ्यावर येतं." खोल्या देणाऱ्याला पाहुण्यांची नोंद ठेवावी लागते, ओळखपत्राची प्रत घ्यावी लागते. तेव्हा आडनाव विचारणारा प्रत्येकजण जात विचारतो असे नाही, हेही लिहिले पाहिजे. वही भरून झाल्यावर आजींनी विचारले, "महाडच्या बाजूचे का तुम्ही? चवदार तळ्यावर जाऊन आलेली माणसं पुढे इकडे येतात मार्च महिन्यात." एवढेच. मग आईला कोणती खाट सोयीची, यावर दोघी म्हाताऱ्या बोलत बसल्या.

आजींची सुपारीची वाडी होती. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने ती आडवी केली. नवीन सुपारी लावली तरी धरायला पाच-सात वर्षे जातात. तोवर खायचे काय? म्हणून त्यांनी खालच्या दोन खोल्या झाडून पुसून भाड्याने द्यायला काढल्या. मुलगा पनवेलला नोकरीला, सुनेने मोबाईलवर फोटो टाकले. आम्ही दिलेल्या पैशातून त्यांनी रोपांना पाणी द्यायचा पंप दुरुस्त करून घेतला, तो आमच्यासमोर चालू झाला. जेवायला सगळे एका ओळीत, त्याच ताटांत. आईने सुक्या बोंबलाची चटणी मागितली, ती आजींनी केली आणि तिखट जास्त पडले म्हणून दोघींचा वाद झाला. त्या घरी आम्ही पुढे दोनदा गेलो.

पैशाच्या बाबतीत जपावे लागते. बंगल्याचे फोटो एकाचे आणि खाते दुसऱ्याचे, अशी फसवणूक फार चालते. नवीन घर असेल तर आम्ही आधी व्हिडिओवर घर दाखवायला सांगतो. मालक अंगणात उभा राहून रस्ता, विहीर, शेजार दाखवतो. शेजारच्या दुकानाचा नंबर मागतो. आगाऊ रक्कम थोडी द्यावी, बाकीची पोहोचल्यावर. पावती कोऱ्या कागदावर लिहिलेली चालते, पण हवी. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर फोन करावा. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, ते लक्षात घेऊन तारखा ठरवाव्यात. श्रीवर्धनकडे जायला माणगावपर्यंत रेल्वे आणि पुढे एस.टी., हे आम्हाला सगळ्यात स्वस्त पडले.

या सगळ्यातून घरात एक वेगळाच विषय निघाला. दापोली तालुक्यात आमच्या मावसभावाचे घर आहे. कोकणातल्या आपल्या शेकडो कुटुंबांसारखेच : माणसे मुंबईत, घराला कुलूप, वर्षातून दहा दिवस उघडायचे. बौद्धवाडी गावाच्या टोकाला आहे, पण समुद्र तिथून पंधरा मिनिटांवर आणि अंगणात दोन हापूस. आम्ही दुसऱ्यांना भाडे देतो, तर दुसऱ्यांनी आपल्याला का देऊ नये? भावाला वाटे, आपल्या वाडीत कोण येणार. वहिनी म्हणाल्या, "ज्याला यायचं नाही त्याला बोलवतंय कोण? आपलीच माणसं येतील, ती कुठे कमी आहेत?" आम्हाला वहिनींचे पटते. खोल्यांसाठी फोन करताना ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांनी बिनधास्त येऊन टेकावे असे एक घर किनाऱ्यावर असले तर काय वाईट?

मग काम निघाले. संडास घराच्या आत घेतला, न्हाणीला फरशी बसवली, चार गाद्या, आठ चादरी. खर्च भावाच्या भविष्यनिर्वाह निधीतून झाला, त्यावरून थोडी भांडणेही झाली. पाटीवर काय लिहायचे यावर आठवडा गेला. पुतण्याला 'सागरछाया' असे काहीतरी हवे होते. वहिनींनी आडनाव लिहून घेतले, खाली फोन नंबर.

विहीर मात्र एप्रिलअखेर तळ गाठते. टँकर मागवला तर खोलीचे भाडे त्यातच जाईल, म्हणून तूर्त नोव्हेंबर ते मार्च एवढेच पाहुणे घ्यायचे ठरले आहे. दर अजून ठरलेला नाही. वहिनी म्हणतात जेवणासकट सांगायचा, भाऊ म्हणतो मासळीचा भाव रोज बदलतो, जेवण वेगळे.