तीन अक्षरांची चिठ्ठी

हल्ली एकाच चित्रपटाच्या पोटात चार-चार भाषा नांदतात. एमकेव्ही फाईल घ्या. चित्र एकच, पण ऑडिओ ट्रॅक हिंदी, तमिळ, मराठी असे निरनिराळे. गंमत अशी की, संगणकाला कान नाहीत! ट्रॅक मराठी आहे हे तो ऐकून ओळखत नाही, त्यावरची चिठ्ठी वाचतो. ‘एम-ए-आर’ असेल तर मराठी. ‘यू-एन-डी’ असेल तर भाषा अनिश्चित. म्हणजे बेवारशीच म्हणा ना!

आमच्या आईला मराठीवाचून दुसरी भाषा उमगत नाही. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली आरंभलेला व्हीएलसी आमच्या संगणकावर आहे. त्याच्या पसंतीच्या रकान्यात मी ‘एम-ए-आर’ लिहिले, तरी पडदा आपला हिंदीतच बोले. आई बिचारी चेहऱ्यांवरून गोष्ट जुळवीत बसे. अखेर ‘बी’ ही कळ दाबीत गेलो. परभाषा उलटून गेल्या आणि मराठी बोलू लागली! आईने खुर्ची पुढे ओढली.

एमकेव्हीटूलनिक्स नावाच्या फुकट साधनाने ती चिठ्ठी नव्याने लिहिता येते. चित्राला, आवाजाला धक्का लागत नाही. मी ती लिहिली. मायबोली घरात असून भागत नाही, वाचकहो. दारावर तिचे नावही लावावे लागते.