अध्यक्ष झालेल्या भाच्यास

मुलुंड (पूर्व),
मे अखेर

चि. निखिल,


तू मंडळाचा अध्यक्ष झालास हे ताईकडून कळलं होतंच. सोसायट्यांच्या फेडरेशनची सेक्रेटरीकी, मंडळ, वर नोकरी. घरी जेवायला तरी असतोस का, हे भाचेसुनेलाच विचारते. तुझा निरोप वाचला. मंडळाचं पन्नासावं वर्ष, म्हणून डिसेंबरात बोरिवलीला पुलाखाली झोपणाऱ्यांना पाचशे ब्लँकेटं आणि दर रविवारी पुरीभाजी. "मावशी, तू म्युनिसिपल हॉस्पिटलात समाजसेविका होतीस, तुला काय वाटतं?" उत्तर मोबाइलवर मावणारं नाही, म्हणून पत्र.

आधी ब्लँकेटांचं. मुंबईत थंडी पडते ती किती? ही रीत दिल्लीच्या थंडीतली, तिथे माणसं खरोखर गारठून मरतात. आपल्याकडे रस्त्यावरच्या माणसाचा वैरी पाऊस. जूनमध्ये एकदा तो लागला की पुलाखालच्या कोरड्या तुकड्यासाठी आणि दुकानाच्या पत्र्याखालच्या हातभर फळीसाठी मारामाऱ्या होतात. अंगाला खरूज येते, पायाच्या जखमा चिघळतात, साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो. तुमचं डिसेंबरातलं ब्लँकेट तोवर उरलेलंच नसतं, कारण ते ठेवायचं कुठे? दिवसा कामावर जाताना बोचकं झाडाच्या बेचक्यात किंवा ओळखीच्या टपरीमागे सारायचं. पालिकेची गाडी आली की ते उचललं जातं, आणि कधी कधी त्यातच आधार कार्डही असतं.

हो, कामावर. तुझे कार्यकर्ते समजतात तसे हे सगळे भीक मागणारे नव्हेत. माझ्याकडे यायचे त्यांत लग्नाच्या हॉलवर केटरिंगची भांडी घासणारा असायचा, नाक्यावर उभा राहणारा बिगारी असायचा, भंगार वेचणारी बाई, सिग्नलला गजरे विकणारी पोर. कमावतात, पण खोलीचं डिपॉझिट भरण्याइतकं हातात राहत नाही. तरी कायद्याच्या नजरेत यांच्यातला कुणीही भिकारी ठरू शकतो. 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत, उपजीविकेचं साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही बसतो. अशांची रवानगी चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात होऊ शकते. दिल्ली हायकोर्टाने 2018 मध्ये दिल्लीपुरती या कायद्यातली बरीच कलमं रद्द केली. आपल्याकडे कायदा उभाच आहे.

आता आकडे, कारण तुला मीटिंगमध्ये लागतील. जनगणनेत बेघरांची मोजणी एका रात्रीत उरकतात. 2011 साली ती 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि मुंबईत सत्तावन्न हजारांच्या आसपास माणसं सापडली. रात्रपाळीला गेलेला, पोलीस हाकलतील म्हणून आडोशाला सरकलेला, त्या रात्री गावी असलेला कसा मोजणार? म्हणजे आकडा कमीच धर. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये सांगून ठेवलंय की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, तोही बारा महिने आणि चोवीस तास. 2011 ची मुंबई एक कोटी चोवीस लाखांची. भागाकार कर. सव्वाशे निवारे व्हायला हवे होते, आणि आपण त्याच्या जवळपासही पोचलेलो नाही.

का नाही पोचलो? पैसा हे कारण मला पटत नाही. 2013 पासून केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांसाठी वेगळी तरतूद होती. अडतं जागेपाशी. जागेचा विषय निघाला की निवारा सगळ्यांनाच हवा असतो, फक्त आपल्या गल्लीत नको. बायाबापड्या असतात, दारुडे येतील, फ्लॅटचे भाव पडतील. निखिल, हा विरोध करणारी माणसं वाईट नसतात. पर्युषणात अनुकंपादान करणारी, गुरुद्वारात लंगरची भांडी घासणारी, चर्चच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत घरोघर जाऊन मदत पोचवणारी, आपल्या मंडळात भंडाऱ्याला रात्रभर राबणारी हीच माणसं. देणं त्यांना जड नाही. देऊन झाल्यावर समोरचा तिथेच, आपल्या शेजारी राहणार, हे जड जातं.

म्हणून तुला विचारते, फेडरेशनचा सेक्रेटरी म्हणून. उद्या तुमच्या वॉर्डात निवारा काढायचं घाटलं, तर तुमच्या लेटरहेडवरचं पत्र कोणत्या बाजूने जाईल?

पाचशे ब्लँकेटं कोणीही आणेल. एखादा बिल्डर उद्या सकाळी टेम्पो पाठवील, आणि त्याच्या बॅनरवर तुझाही फोटो असेल. तुझ्याकडे आहे ते वेगळं आहे, वजन. गणपतीआधी पोलीस स्टेशनला शांतता समितीची बैठक होते, तिथे तुला खुर्ची मिळते. सीनियर साहेब तुझा फोन उचलतात. वॉर्ड ऑफिसात तुला "या, बसा" म्हणतात. फुटपाथवरच्या माणसाला शहरात हेच मिळत नाही: याला मी ओळखतो, असं त्याच्यासाठी कोणी म्हणत नाही.

नुसत्या ओळखीने काय होतं ते सांगते. मतदार यादीचंच बघ. बेघराकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नाही, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. त्याने फॉर्म 6 भरायचा, आणि बूथ लेव्हल ऑफिसरने एकाहून जास्त रात्री तिथे जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का हे पाहायचं, एवढं पुरे. नियम इतका सरळ. पण रात्री अकराला पुलाखाली एकटी जायला ती बीएलओ, बहुधा एखादी शिक्षिका, का तयार होईल? तुमचे चार कार्यकर्ते बरोबर गेले तर जाईल. आधारचंही तसंच. कागद नसतील तर आमदार, नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. मार्च 2022 नंतर कित्येक वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते, तेव्हा ही माणसं सहीसाठी कुणाकडे गेली असतील, कल्पना कर. तुझ्यासारखा बरोबर असला की सही एका दिवसात होते. आधार आलं की बँक, रेशन, पोराची शाळा एकेक करून मार्गी लागतं.

आणि तुझ्याच बोरिवलीतलं एक उदाहरण तुला माहीत असायला हवं. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी, दोघे मानसोपचारतज्ज्ञ, बोरिवलीत खासगी प्रॅक्टिस करणारे. एकदा हॉटेलात बसलेले असताना त्यांना समोर जटा वाढलेला एक तरुण दिसला, करवंटीने गटाराचं पाणी पिणारा. त्याला उचलून त्यांनी आपल्या नर्सिंग होममध्ये नेलं. औषधं लागू पडली तेव्हा कळलं की पोरगा आंध्रचा, बीएस्सी झालेला. वडील येऊन त्याला घेऊन गेले. 1988 मध्ये त्यांनी 'श्रद्धा' ही संस्था काढली, आधी दहिसरला छोट्या जागेत, 2006 पासून कर्जतला मोठं केंद्र. रस्त्यावरच्या मनोरुग्णाला आणायचं, बरं करायचं, आणि समाजसेवक बरोबर देऊन थेट त्याच्या गावच्या घरी पोचवायचं. 2018 मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे मिळालं, तोवर हजारो माणसं अशी घरी गेली होती.

यातलं माझ्या मनात राहिलंय ते घरी पोचवणं. हॉस्पिटलच्या वॉर्डात बसून मी पाहिलंय, 'अनोळखी इसम' म्हणून आलेला पेशंट बरा होतो, आणि डिस्चार्जच्या कागदावर पत्त्याची ओळ कोरी राहते. मग तो पुन्हा त्याच पुलाखाली. वाटवानींनी ती कोरी ओळ भरायचं काम अंगावर घेतलं. तुम्हाला दवाखाना काढायचा नाहीये. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 100 पाठ करून ठेव. भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देणं, चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात पोचवणं आणि त्याच्या घरच्यांचा शोध घेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. शांतता समितीत लाउडस्पीकरची वेळ वाढवून मागतोस ना? त्याच बैठकीत हेही काढ.

जेवणाला माझा विरोध नाही. मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं तेव्हा 'खाना चाहिए'च्या मंडळींनी वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या कडेने जेवण पोचवायला सुरुवात केली, आणि अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्याच रस्त्यावर इतकी माणसं राहतात. ते दिवस जेवणाचेच होते. पण आज रविवार, अमावस्या, कुणाचा वाढदिवस असला की एकाच सिग्नलवर तीन-तीन टेम्पो लागतात आणि मंगळवारी चिटपाखरू नसतं. करायचंच तर इतर मंडळांशी बोलून मंगळवार घ्या. आणि जेवताना फोटो काढू नका. नव्याने रस्त्यावर आलेला माणूस गावी "हॉटेलात कामाला आहे" असं सांगून असतो, तो फोटो गावच्या ग्रुपवर जातो.

तुझ्या पिढीला ऑल्गा टेलिसचा खटला पुस्तकातला वाटेल. 1981 च्या पावसाळ्यात अंतुले मुख्यमंत्री असताना फुटपाथवरची माणसं बसगाड्यांत भरून बाहेर काढायला घेतली होती. कोर्टात गेलेल्यांत पार्ल्याच्या हायवेलगतच्या कामराज नगरातले लोकही होते, म्हणजे आपल्या उपनगरातले. 1985 मध्ये सुप्रीम कोर्टाने पोटापाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. म्हटलं खरं, पण हटवायला परवानगीही दिली. पावसाळा उलटून 31 ऑक्टोबर होईपर्यंत मात्र नाही. पावसाची एवढी दखल तेव्हा कोर्टाने घेतली होती. पाऊस तोच आहे.

आणि गाडगेबाबा. मंडळाच्या ऑफिसात त्यांचा फोटो आहे, दरवर्षी 20 डिसेंबरला हार घालता. त्यांच्या दशसूत्रीत बेघराला आसरा आहे, हे तुला सांगायला नको. त्या माणसाने वर्गणी गोळा करून धर्मशाळा बांधल्या, भिंती आणि छप्पर असलेल्या.

तर आता काय कर, ते सांगते. मंडळाची खोली वर्षातले दहा महिने कुलपात असते, मंडपाचे बांबू आणि मागच्या वर्षीची झुंबरं ठेवून. भिंतीला लोखंडी कपाटं लाव आणि पावसाळ्याआधी पुलाखालच्या कुटुंबांना कागदपत्रं, औषधं, पोरांची दप्तरं ठेवायला दे. वर्गणीतून ताडपत्र्या घे, ब्लँकेटं नकोत. अहवालातल्या जाहिरातींचे पैसे उरले तर सुलभवाल्याशी ठरवून बायकांच्या आंघोळीचे महिन्याचे पैसे भर. त्यांची सगळ्यात मोठी अडचण तीच आहे आणि ती तुझ्या कार्यकर्त्यांना कधी सांगणार नाहीत, म्हणून दोन बायका समितीत घे. उपनगरात 'पहचान'सारख्या संस्था बेघरांच्या ओळखपत्रांचं काम आधीपासून करतायत, नव्याने चाकाचा शोध लावत बसू नका.

पण हे सगळं नंतर. आधी फेडरेशनच्या जूनच्या मीटिंगमध्ये ठराव मांड: आमच्या वॉर्डात पालिकेने बेघरांसाठी निवारा काढावा, आमची हरकत नाही, आम्ही सहकार्य करू. एवढं एक वाक्य, खाली सोसायट्यांच्या अध्यक्षांच्या सह्या. पास झाला तर मला कळव, वॉर्ड ऑफिसला मी तुझ्याबरोबर येते, तिथली कागदाची भाषा मला येते. पडला तर कोण काय बोललं ते नावानिशी लिहून पाठव. त्या लोकांच्या घरी चहाला जाऊन बोलायची माझी तयारी आहे.

तुझी,
मावशी