अंगाला दूध नाही, असे म्हणण्याआधी

मायबहिणींनो, पहिलटकरीण लेक बाळंतपणाला माहेरी आली म्हणजे घर कसे भरून जाते, हे तुम्हांला सांगायला नको. डिंक, खारीक, अळीव यांचे डबे आधीच भरलेले असतात. जुनी लुगडी धुऊन, उन्हात वाळवून त्यांची दुपटी शिवलेली असतात. आमच्याकडेही तसेच होते. तयारी नव्हती ती एका रडण्याची.

२०२२ च्या डिसेंबरातली गोष्ट. रानात कांद्याची लागण चालली होती आणि आमच्या पंपाला त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती. लेक सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा झाला. वजन २ किलो ८०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी घरी आणले आणि त्या रात्रीपासून पोराने टाहो फोडला. अंगावर घेतला की दोन मिनिटे चुटूचुटू ओढायचा, डोळे मिटायचा आणि खाली ठेवला की पुन्हा किंचाळायचा. लेकीच्या बोंडांना चिरा पडल्या. त्याला पाजायला घेताना ती ओठ दाताखाली धरी. आमचे हे पहाटे पाणी भरून घरी येत, तेव्हाही बाळंतिणीच्या खोलीतला दिवा जळतच असे.

पाचव्या दिवशी शेजारणी आल्या. "पोर उपाशी हाय गं, गाईचं दूध पाणी घालून पाजा," एक म्हणाली. आणि मी, तिची आई, सगळ्यांसमोर बोलून गेले, "हिच्या अंगाला दूधच नाही." लेक काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ते वाक्य मला अजून टोचते. आधीच जिची झोप मोडली आहे, जिला दुखते आहे, तिला असे बोलल्यावर येणारा पान्हाही आखडतो.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. त्यांनी माळ्यावरचे पितळी बोंडले काढून चिंचेने घासले, सहाण मांडली, मधाची बाटली मागवली. त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी सात लेकरे वाढवली ती त्याच रीतीने. १९९३ साली माझा थोरला झाला, तेव्हा त्यांनीच माझा पहिला चीक पिळून टाकायला लावला होता आणि मीही मुकाट्याने टाकला. गंमत बघा, गाय व्याली की वासराला तासाभरात चीक मिळावा म्हणून आपण धडपडतो, उरल्याचा खरवस करून वाटतो आणि लेकराच्या वाट्याचा मात्र मोरीत ओततो! या वेळी नर्सबाईंनी पहिल्या तासातच बाळ अंगाला लावले होते, म्हणून ते पाप टळले.

सातव्या दिवशी आशाताई आली. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी येऊन बाळ बघायचे असते. घरी जाऊन बाळ तपासण्याची ही रीत आपल्याच गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्या बायकांना शिकवून उभी केली आणि २०११ पासून ती देशभरच्या आशांकडे आली. तिने झोळीचा काटा लावला. २ किलो ५२० ग्रॅम! पहिल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, पण आठवडा सरता सरता ते चढणीला लागायला हवे आणि दोन आठवड्यांत जन्माइतके भरायला हवे. तिने विचारले, "काल दिवसरात्रीत किती दुपटी ओली झाली?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागलो. चार दिवसांच्या पुढच्या बाळाने दिवसरात्रीत निदान सहा वेळा तरी ओले केले पाहिजे. आमची तिनाच्या वर नव्हती. ती म्हणाली, "काकू, आजच दवाखान्यात चला."

डॉक्टरांनी कावीळ बघितली, जीभ उचलून बघितली. दोष कुठे नव्हता. मग नर्सबाई स्टूल ओढून लेकीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "पाज बघू, मी बघते." सात दिवसांत आम्हा कोणाला हे सुचले नव्हते. आम्ही पदर झाकत होतो आणि सल्ले देत होतो.

बाळाच्या तोंडात नुसते बोंडाचे टोक जात होते. त्याने दूध थोडे येते आणि आईला चिरा मात्र पडतात. बोंडाभोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात गेला पाहिजे. बाईंनी बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकवले, डोके आणि पाठ एका रेषेत धरली, नाक बोंडासमोर आणले आणि थांबल्या. बाळाने जांभई द्यावी तसे तोंड उघडले, तेव्हा चटकन जवळ घेतले. हनुवटी स्तनाला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला. आणि थोड्या वेळाने घुटक् घुटक् असा गिळल्याचा आवाज आला. लेक म्हणाली, "आई, दुखत नाही गं!" वासरू आचळाला नीट लागले की नाही, हे मी लांबून ओळखते. घरच्या लेकराचे मला कळले नाही.

पुढचे आठ दिवस आम्ही दोन-अडीच तासांनी त्याला उठवून पाजले. रात्रीसुद्धा. पाजून झाले की लेक हाताने दूध पिळी आणि ते उकळलेल्या वाटी-चमच्याने घालू. बोंडले नाही, कारण त्याची चोच आतून घासता येत नाही. मधही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून एक जिवावरचा आजार होऊ शकतो. आत्याबाई फुरंगटल्या. मग मी त्यांना काम दिले. दुपटे ओले झाले की वाटीत एक शेंगदाणा टाकायचा. त्यांना अक्षर येत नव्हते, पण हिशेब चोख. चौथ्या दिवशी खोलीतून ओरडल्या, "सात झाले गं!" चौदाव्या दिवशी काटा २ किलो ७०० वर गेला, एकविसाव्या दिवशी २ किलो ९५०.

तुम्हांला वाटेल, संपले रडणे. कुठले! पाचव्या आठवड्यात दिवेलागणीपासून दहा वाजेपर्यंत पोर नुसते रडे. पोट भरलेले, वजन वाढते आहे, तरी रडे. आशाताईने सांगितले की हे सहाव्या आठवड्यापर्यंत वाढते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप उतरते. मात्र ताप आला, पिणे सोडले, बाळ मलूल पडले, हिरवी उलटी झाली, तर अंगारे-धुपारे करत न बसता दवाखाना गाठायचा. आम्ही त्याला उघड्या छातीशी धरून वर गोधडी घेत असू. आमचे हे त्याला खांद्यावर घेऊन ओट्यावर येरझाऱ्या घालत. एकदा शेजारी कडबाकुट्टी सुरू झाली आणि हा गप्प! मग काय, रोज संध्याकाळी त्यांचीच वैरण कापायची वाट बघायची.

एक रात्र सांगते. लेक म्हणाली, "आई, घे याला, नाहीतर मी आपटीन." मी तिला रागे भरले नाही. बाळ घेतले आणि तिला माजघरात झोपायला धाडले. चार तास झोपली. जवळ घ्यायला कोणी नसेल, तर बाळाला बाजेवर मधोमध उताणे ठेवून पाच मिनिटे दाराशी उभे राहावे, पण रागाने गदागदा हलवू नये. तान्ह्याच्या मेंदूत त्याने रक्तस्राव होतो. आणि बाळंतीण दोन आठवड्यांनंतरही रडत असेल, जेवत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. ते नखरे नव्हेत.

आत्याबाई गेल्या वर्षी गेल्या. शेंगदाण्यांची ती वाटी मी ठेवली आहे. लेकीला आता दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत. या वेळी बाळंतपण सासरी आहे, पंधरा दिवस मला बोलावले आहे. परवा फोनवर म्हणाली, "आई, लाडू आण, दुपटी आण, आज्जीची वाटी आण. तेवढे ते वाक्य घरी ठेवून ये."